फॅमिली प्लॅन घरात वाटायचा आहे, पण प्रत्येकाचं नवीन खातं उघडायचं नाही. काय करता येईल?

तुमचा प्रश्न मला असा समजला: मायक्रोसॉफ्ट ३६५ फॅमिली, म्हणजे वर्ड, एक्सेल वगैरेंचा घरासाठीचा प्लॅन, तुम्ही पुण्यात घेतलाय. सोलापुरात सासरे, दीर आणि शाळेत शिकवणारी जाऊ यांनाही तो द्यायचाय. पण नवे ईमेल, नवे पासवर्ड यांचा पसारा कुणालाच नकोय. त्यात सासऱ्यांच्या दुकानातला कॉम्प्युटर सुरू होतानाचा पासवर्ड बदलला तर सकाळी बिलं अडतील, ही धास्ती.

ज्याला प्लॅनमधला स्वतःचा वाटा हवा, त्याला मायक्रोसॉफ्टचं खातं लागतंच. हा प्लॅन घेणारा धरून ६ जणांना चालतो, प्रत्येकाला वनड्राइव्हवर (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत) १ टीबी जागा मिळते, आणि ती जागा खात्याला जोडलेली असते. पण त्यासाठी नवा ईमेल काढावा लागत नाही आणि विंडोजचं लॉगिनही बदलावं लागत नाही. या दोन गोष्टी नीट सांभाळल्या तर तुमची बहुतेक अडचण सुटते.

आधी ईमेल. सासऱ्यांच्या अँड्रॉइड फोनवर जीमेल असणारच. तोच पत्ता देऊन मायक्रोसॉफ्टचं खातं उघडतं. फक्त एक घोळ हमखास होतो. पत्ता जीमेलचा असला तरी या खात्याचा पासवर्ड वेगळा असतो, आणि माणसं तिथे जीमेलचा पासवर्ड टाकत बसतात. म्हणून तो त्यांच्या डायरीत वेगळ्या पानावर लिहून ठेवा. दिरांचं जुनं हॉटमेल किंवा स्काइपचं खातं असेल तर आधी ते उघडतंय का बघा. स्काइप मे २०२५ मध्ये बंद झालं, पण त्याचं खातं मायक्रोसॉफ्टचंच होतं. दोन वर्षं वापरलं नसेल तर मात्र ते बंद झालेलं असू शकतं. जाऊबाईंना शाळेकडून मिळालेला ईमेल इथे चालणार नाही, खासगी खातंच लागेल. तेच बरंही आहे, कारण शाळा सोडली की शाळेचा ईमेल जातो आणि त्यामागे फाइल्सही जातात.

आता विंडोज. नुकसान होतं ते इथेच. वर्डमध्ये साइन-इन केलं की एक खिडकी येते आणि हे खातं कॉम्प्युटरवर सगळीकडे वापरायचं का, असं विचारते. मोठं बटण 'नेक्स्ट'चं असतं आणि घाईत तेच दाबलं जातं. त्याच खिडकीत बारीक अक्षरात 'फक्त मायक्रोसॉफ्ट ॲप्स' किंवा 'फक्त हेच ॲप' असा पर्याय असतो, तो निवडा. मग विंडोजचं जुनं लॉगिन तसंच राहतं. चुकून 'नेक्स्ट' दाबलं गेलंच तर सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, त्यात 'युअर इन्फो' इथे जाऊन लोकल अकाउंटवर, म्हणजे फक्त त्या कॉम्प्युटरपुरत्या लॉगिनवर, परत येता येतं.

यावर मी एवढा जोर देतो त्याला कारण आहे. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यांचे आणि चाटी गल्लीतल्या दुकानांचे कॉम्प्युटर बघतो. मुलाने किंवा सुनेने आपलं खातं वडीलधाऱ्यांच्या मशीनवर टाकून दिलेलं फार ठिकाणी दिसतं. 'एकदाच करून देते, कटकट नको' ही भावना प्रेमाचीच असते. पण वनड्राइव्हचा बॅकअप चालू झाला की सासऱ्यांच्या डेस्कटॉपवरची सुताच्या भावाची शीट, उधारीची यादी, बँकेची पत्रं तुमच्या जागेत चढू लागतात. उलट, तुमच्या ऑफिसच्या कामाच्या फाइल्स त्यांच्या वर्डमध्ये दिसतात. नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं तर डिस्क एन्क्रिप्ट होऊन (म्हणजे कुलूपबंद होऊन) तिची रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा लांब आकडा, त्याच खात्यात साठवली जाऊ शकते. एखाद्या अपडेटनंतर मशीनने ती की मागितली, तर दुकानाची किल्ली पुण्यात सुनेच्या पर्समध्ये राहिल्यासारखं होईल. म्हणून माझं ठाम मत आहे: एका खात्यावर ५ उपकरणांवर एकाच वेळी साइन-इन चालत असलं, तरी ती सोय स्वतःचा फोन, लॅपटॉप यांसाठीच ठेवा.

सासऱ्यांना मुळात या प्लॅनची गरज आहे का, हेही त्यांना विचारा. हिशेब टॅलीत असेल आणि वर्ड फक्त पत्रांपुरतं लागत असेल, तर लिबरऑफिस बसवून द्या. ते फुकट आहे, खातं मागत नाही, वर्ड-एक्सेलच्या फाइल्स उघडतं. मराठी टायपिंगही तसंच चालतं, कारण कीबोर्ड विंडोजचा असतो. मात्र सीएकडून मॅक्रो (कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्राम) असलेल्या एक्सेल शीट येत असतील तर लिबरऑफिसमध्ये त्या अडखळतात, तेव्हा खरं एक्सेल हवं. माझ्या अण्णांच्या मशीनवर मी लिबरऑफिसच ठेवलंय आणि ते समाधानी आहेत.

दीर आणि जाऊ यांना वाटा देणं सोपं आहे. तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर शेअरिंगमधून लिंक पाठवा आणि ती त्यांनी त्यांच्याच फोनवर किंवा लॅपटॉपवर उघडावी. तुम्ही त्यांच्या फाइल्स बघू शकत नाही, हे जाऊबाईंना आवर्जून सांगा. बरेचजण याच शंकेने नको म्हणतात आणि ते बोलून दाखवत नाहीत. कोपायलट या मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनिसाच्या वाढीव सोयी मात्र प्लॅन घेणाऱ्यालाच मिळतात. पुढे कधी वाटा काढून घ्यायची वेळ आली तर आधी कळवा, कारण त्यांची जागा ५ जीबीवर येते. त्याहून जास्त साठलं असेल तर नव्या फाइल्स चढत नाहीत, आणि बराच काळ तसंच राहिलं तर असलेल्याही पुसल्या जाऊ शकतात.

सासऱ्यांचं खातं उघडायचं ठरलंच तर रिकव्हरीसाठी नंबर त्यांचाच द्या, तुमचा नको. आणि हे काम फोनवरून करू नका. 'बाबा, आलेला आकडा सांगा' असं आपणच एकदा म्हटलं की ओटीपी फोनवर सांगायचा असतो, असं त्यांच्या मनात बसतं. उद्या बँकेच्या नावाने कुणी फोन केला तर तेही आकडाच मागतील. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला सोलापूरला याल तेव्हा शेजारी बसून करा, पासवर्ड त्यांना स्वतःच्या हाताने टाकू द्या. तोवर पत्रांचं काम लिबरऑफिसवर निभेल.