‘आम्ही जिंकलो’ म्हणायची लाज वाटते तेव्हा

ज्या संघावर जीव आहे त्याचं काही वाईट उघडकीला आलं, तरी मॅच लागली की टाळी वाजतेच. मग मी ढोंगी आहे का? हा प्रश्न बरेच जण विचारतात.

मूळ सांगलीचे, छत्तीस वर्षांचे एक इंजिनिअर समुपदेशनाच्या व्हिडिओ कॉलवर माझ्याकडे हेच घेऊन आले. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) एम.एस. केंटकीतल्या लुईव्हिल विद्यापीठात. ८ एप्रिल २०१३ ला तिथल्या बास्केटबॉल संघाने मिशिगनला ८२-७६ असं हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, तेव्हा हे रस्त्यावर नाचले होते. पुढे कळलं, की नव्या खेळाडूंना संघात ओढून आणण्यासाठी संघाचाच एक कर्मचारी वसतिगृहात देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया बोलवत होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये विद्यापीठाचं अपील फेटाळलं गेलं, एनसीएएने (अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांची नियामक संस्था) विजेतेपद रद्द केलं आणि त्याचा बॅनर उतरला.

त्या रात्रीचा लाल टी-शर्ट ते आजही झोपताना घालतात. दाराची बेल वाजली की बदलतात. आता आठ वर्षांचा मुलगा लाल जर्सी मागतोय.

दोन सीझन त्यांनी मॅच बघणं बंद केलं होतं. खोदून विचारल्यावर कळलं, बाथरूममध्ये फोनवर स्कोअर बघणं चालूच होतं. बंदीने ओढ कमी होत नाही, लपते. आणि लपवलं की लाज वाढते. म्हणून ‘प्रेम की राग’ असं एकाच काट्यावर तोलायचं नाही. ० ते १० अशा दोन वेगळ्या पट्ट्या घ्यायच्या. त्यांची ओढ ८, लाज ७. दोन्ही खरे.

मग कागदावर चार रकाने: खेळाडू, प्रशिक्षक-कर्मचारी, विद्यापीठ, माझी ती रात्र. प्रत्येकाखाली फक्त कोणी काय केलं ते. इथे हमखास चूक होते: कृती लिहायच्या जागी माणसं निकाल लिहितात. यांनीही लिहिलं, ‘सगळे चोर’. खोडायला लावलं. खेळाडूंच्या रकान्यात ते अडकले, तेव्हा ल्यूक हॅनकॉक आठवला. बदली म्हणून उतरून त्याने अंतिम सामन्यात २२ गुण केले होते. खेळाडूंनी केलेल्या दाव्यात २०१९ ला तडजोड झाली, त्यात त्याचा सर्वोत्कृष्ट खेळाडूचा वैयक्तिक सन्मान एनसीएएने परत मान्य केला. विजेतेपद मात्र रद्दच राहिलं. शिक्षा करणाऱ्यांनाच हा गुंता सोडवायला दीड वर्ष लागलं, आपल्याला दोन बैठका लागल्या तर काय बिघडलं! चौथ्या रकान्यात एकच ओळ आली: ‘मित्राच्या खांद्यावर बसलो होतो.’

खरी गाठ ‘आम्ही’ या शब्दात होती. रॉबर्ट चाल्डिनी यांच्या १९७६ च्या अभ्यासात दिसलं, की संघ जिंकला की विद्यार्थी ‘आम्ही जिंकलो’ म्हणतात आणि हरला की ‘ते हरले’. उसन्या अभिमानासोबत उसनी लाजही येते. दोन आठवडे मॅच बघताना ‘आम्ही’ऐवजी संघाचं नाव घ्यायचं, चुकलं की कागदावर एक रेघ. पहिल्या मॅचला अकरा रेघा, चौथीला तीन. पैशाचा निर्णय वेगळा घेतला: क्रीडानिधीला देणगी बंद, शिष्यवृत्ती निधीला चालू.

मुलाला काय सांगायचं तेही दोन वाक्यांत बसवलं: “या संघाने नियम मोडले म्हणून त्यांचं विजेतेपद काढून घेतलं. त्यांचा खेळ मला अजून आवडतो.” मुलाने विचारलं, “बाबा, तू पण मोडले होतेस?” “नाही रे.” “मग मला घे ना जर्सी.”

शेवटच्या कॉलला ओढ ८ वरच होती, लाज ४. जर्सी घेतली. टी-शर्ट ते अजूनही बदलतात, पण पिझ्झावाला असेल तर नाही.