बोटीचं जुनं जॉन्सन इंजिन हाती आलंय? आधी दोरी ओढू नकोस

अभिनंदन रे! 1950च्या दशकातलं सीहॉर्स, म्हणजे जॉन्सनचं बोटीच्या मागे लावायचं इंजिन, हे साधं, दणकट मशीन. पण लगेच दोरी ओढत बसू नकोस. दोन्ही स्पार्क प्लग काढ, भोकांत थोडं ऑइल सोड, रात्रभर मुरू दे आणि मग फ्लायव्हील (इंजिनच्या डोक्यावरचं जड चाक) हाताने हळू फिरव. अडकलं तर जोर लावायचा नाही.

फिरलं की कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोज. दोन्ही सिलिंडरचा आकडा जवळपास सारखा हवा. खरी दुखणी फ्लायव्हीलखाली असतात. त्या काळच्या इग्निशन कॉइलचं (स्पार्कसाठी वीज देणारी गुंडाळी) आवरण हमखास तडकतं. तडा दिसला की स्पार्क येत असला तरी कॉइल बदल, तापल्यावर ती दगा देते. पॉइंट (स्पार्कसाठी उघडझाप करणारे संपर्क) साफ कर, त्यांच्यातली गॅप 0.020 इंच, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर.

इंपेलर (इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणारं रबरी चाक) नवाच टाक. पाण्याने भरलेल्या ड्रममध्ये उभं केल्याशिवाय सुरू करू नकोस. मी एकदा ‘जरा बघू’ म्हणत कोरडं चालवलं आणि नवाकोरा इंपेलर जाळून बसलो! गिअरचं ऑइल दुधाळ निघालं तर सील गेलंय. पेट्रोलमध्ये ऑइल 24:1 (24 भाग पेट्रोलला 1 भाग ऑइल), लिटरला साधारण 42 मिली. आजचं 50:1 याला पुरत नाही. रंगाचं नंतर बघू.