वाढत्या अंगाचा रॉड घेऊ नका

डिचोलीहून एका वाचकांनी विचारलंय: लेक सात वर्षांची आहे. आजोबांबरोबर नार्वेच्या फेरी धक्क्यावर मासे गरवायला जाते आणि तिला त्याचा खरोखरच नाद लागलाय. दीड वर्षात प्रत्येकी ६५० रुपयांचे रॉड-रिळाचे तीन सेट मोडले. आता ७,५०० रुपयांचा सात फुटी कार्बन रॉड आणि मोठं रीळ क्रेडिट कार्डावर सहा बिनव्याजी हप्त्यांत घ्यावं, म्हणजे 'मोठी होईपर्यंत बघायला नको', असं त्यांना वाटतं. पत्नीचं म्हणणं, खेळण्यावर एवढा खर्च नको. दुकानदाराने २,४०० चा पाच फुटी सेटही दाखवलाय. घरात दरमहा ४२,००० येतात, गृहकर्जाचा हप्ता १४,५०० आहे, सगळं जाऊन तीनेक हजार उरतात आणि अडीनडीसाठी बँकेत ३५,००० आहेत.

माझं मत सांगतो. २,४०० चा सेट घ्या, रोख घ्या आणि हे खेळणं आहे असं समजून घेऊ नका.

तीन मोडक्या सेटचे १,९५० रुपये तुम्ही आधीच घालवलेत. त्यात साडेचारशे घातले असते तर पहिल्याच वेळी नीट वस्तू आली असती. तुम्ही लिहिलंय की दोन रिळांचं हँडल फिरेनासं झालं आणि एका रॉडचं टोक गेलं. त्या किमतीच्या रिळात दाते प्लास्टिकचे असतात, गरी खडकात अडकून मुलीने जोरात फिरवलं की ते झिजतात. टोकाच्या कड्या इतक्या ओबडधोबड असतात की तंगूस, म्हणजे गरीची नायलॉनची दोरी, घासून कातरतो. त्यात मुलीचा दोष नाही. अजून तसलाच चौथा सेट आणलात, तर तो वाया जाणारच, शिवाय 'मला जमत नाही' असं तिच्या मनात बसेल. मला पैशांपेक्षा याची जास्त काळजी वाटते.

मग ७,५०० चा का नको? आपण शाळेचा युनिफॉर्म वाढत्या अंगाचा घेतो, बाही दुमडतो आणि दोन वर्षं काढतो. ते शहाणपणाचंच आहे. पण रॉडची बाही दुमडता येत नाही. सात फुटी रॉडचं टोक सात वर्षांच्या मुलीच्या मनगटाला जड जातं, आणि त्यावर ४००० मापाचं (आकडा मोठा तितकं रीळ मोठं) रीळ बसवलं की ती दहा मिनिटांत तो तुमच्या हातात देणार. म्हणजे सेट तुमचा होणार, तिचा नाही. तुम्हाला स्वतःला हवा असेल तर खुशाल घ्या, पण मग तो हिशेब वेगळा मांडा. तिच्यासाठी साडेचार ते साडेपाच फुटांचा फायबर ग्लासचा रॉड आणि १००० किंवा २००० मापाचं रीळ पुरे. फायबर ग्लास थोडं जड असतं, पण आपटलं, तुडवलं गेलं तरी सहन करतं. कार्बनला एखादा टोला बसला की चीर पडते आणि पुढच्या ताणाला तो मोडतो. शिवाय कार्बनमधून वीज वाहते. आपल्या गावांत तारा कुठे किती खाली लोंबतात ते तुम्हाला माहीत आहे.

आता दर खेपेचा हिशेब करू. पावसाळा सोडून ऑक्टोबर ते मे, महिन्यातून दोन रविवार धरले तरी वर्षाला सोळा खेपा होतात. हा सेट तिला तीन हंगाम पुरला तर अठ्ठेचाळीस खेपा, म्हणजे खेपेला ५० रुपये. आमिषाची सुंगटं (कोळंबी), गरी, शिसं आणि तुटलेला तंगूस यांचा खर्चही तेवढाच होईल, म्हणून महिन्याला शंभर-दीडशे वेगळे काढून ठेवा. घरच्या अंगणातली गांडुळं वापरलीत तर त्यातलेही काही वाचतील. काळुंद्र हा मासा त्यांनाच जास्त लागतो.

बिनव्याजी हप्त्याबद्दल थोडं सांगतो. व्याजाएवढी सूट दुकानदार देतो म्हणून तो बिनव्याजी दिसतो. पण बँक त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लावते, आणि बहुतेक वेळा प्रोसेसिंग फी वेगळी घेते. ७,५०० वर सहा महिन्यांत हे सगळं मिळून तीनशेच्या आसपास जातं. रोखीत मागितली तर मिळाली असती ती सवलतही जाते. मुख्य म्हणजे ज्या घरात अडीनडीची पुंजी एका महिन्याच्या खर्चालाही पुरत नाही, त्या घराने रॉडसाठी हप्ता बांधून घेऊ नये. तिचं सुकन्या समृद्धी खातंही यंदा 'थोडं थांबवू' असं तुम्ही लिहिलंय, तेही करू नका. वर्षाला किमान २५० रुपये भरले नाहीत तर ५० रुपये दंड भरून खातं पुन्हा चालू करावं लागतं.

तुमच्या पत्रात एक खर्च कुठेच नाही, आणि माझ्या हिशेबात तो रॉडच्याही आधी येतो. तिच्या मापाचं लाइफ जॅकेट घ्या. हजार-बाराशे जातील. फेरीच्या धक्क्याच्या उतारावर ओहोटीला शेवाळ उघडं पडतं, तिथे मोठ्या माणसाचाही पाय सरकतो. कुंभारजुवे कालव्याकडे मात्र तिला नेऊच नका, तिथे मगरी आहेत. सेट, जॅकेट आणि गरी-शिशाचा एक डबा मिळून चार हजारांत बसेल. उरलेले साडेतीन हजार, जे तुम्ही हप्त्यांत फेडणारच होतात, ते दोन-तीन महिन्यांत त्या ३५,००० मध्ये भरा.

सेट टिकवायचं काम आजोबांवर सोपवा. नार्वेला उन्हाळ्यात पाणी खारट होतं, आणि खाऱ्या पाण्याने रीळ लवकर गंजतं. घरी आल्यावर गोड्या पाण्याची हलकी धार सोडायची, जोराचा फवारा नको, त्याने मीठ आणखी आत जातं. पुसून सावलीत वाळवायचं, महिन्याकाठी हँडलच्या सांध्यात तेलाचा एक थेंब. गरी अडकली तर रॉड वाकवून ओढायचा नाही. तंगूस लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळायचा, मागे सरकायचं आणि सरळ रेषेत ताण द्यायचा. गाडीचं दार लावायच्या आधी टोक कुठे आहे ते बघायचं. गरीच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने चेपून टाका, म्हणजे बोटात रुतली तरी चटकन निघेल. शिंगाळा मासा लागला तर तो मोठ्यांनीच सोडवायचा, त्याचा काटा विषारी असतो.

दुकानात तिला बरोबर न्या. रिळाच्या देठाच्या पुढे दोन बोटं, मागे दोन बोटं असा रॉड तिला धरायला लावा आणि पहिलं बोट लांब करून तंगूस गुंडाळलेल्या चकतीच्या कडेला लागतंय का बघा. गरी टाकताना तंगूस त्याच बोटाने धरायचा असतो. बोट पोचलं नाही तर एक माप खालचं रीळ मागा. मग हात पुढे करून तिला शंभरापर्यंत मोजायला सांगा. साठाच्या आत हात खाली आला, तर २,४०० चासुद्धा तिथेच ठेवा आणि त्याहून हलका काढायला सांगा.