शाळेचा आपलेपणा सुट्टीच्या वेळी गेटवर दिसतो

तुम्ही विचारलंय की पुढच्या जूनला नोकरीसाठी नाशिकमध्ये अंबडला येताय, मुलगा पहिलीत जाईल. खासगी शाळांची फी आणि निकाल समजतात, पण शाळेत आपलेपणा आहे की नाही हे नव्या गावात कसं ओळखायचं? मी सिडकोत राहते. आमच्या मुलीची शाळा आम्ही दुसरीत बदलली, आणि कारण नेमकं हेच होतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली शाळा निवडताना आम्ही नावावर गेलो. मोठी इमारत, वर्गावर्गात स्मार्ट बोर्ड. बघायला गेलो तेही गॅदरिंगच्या दिवशी, म्हणजे सगळे नटलेले आणि सगळे हसतमुख. आमच्या सासूबाई धुळ्याकडच्या, घरात अहिराणीच बोलतात. सिडको-सातपूरला खानदेशातली इतकी माणसं आहेत की त्यात नवल काहीच नाही. दुपारी नातीला आणायला त्याच जायच्या. कार्ड दाखवल्याशिवाय मूल सोडायचं नाही, हा नियम मला पटतो. पण आठ महिने रोज येणारी ही बाई कोण, हे गेटवर एकालाही माहीत नव्हतं. एकदा कार्ड घरी राहिलं. "मनी नात शे ती" असं परोपरीने सांगूनही त्यांना पाऊण तास उन्हात उभं ठेवलं. वर्गाच्या मॅडम शेजारून निघून गेल्या, त्यांनीही ओळखलं नाही. घरी आल्यावर मुलगी आजीला म्हणाली, "तू शाळेत असं बोलू नको." ते वाक्य मला फार लागलं.

आताची शाळा इंदिरानगरच्या बाजूची आहे. इयत्तेला दोन तुकड्या, मैदान बेताचंच. २७ फेब्रुवारी, म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन म्हणून नाशिकच्या शाळांत उत्साहाने होतो. आधीच्या शाळेत निवडलेली चार मुलं पाहुण्यांसमोर कविता म्हणायची, बाकीची खाली बसून टाळ्या वाजवायची. इथे बाईंनी मुलांना विचारलं, घरी आजी-आजोबा कोणती बोली बोलतात? आणि त्यांना वर्गात बोलावलं. सासूबाईंनी अहिराणीत गोष्ट सांगितली, आणि अडलेले शब्द आमची मुलगी उभी राहून वर्गाला समजावत होती. तीच मुलगी!

इथल्या गेटवरच्या मावशी जुन्या आहेत. कोणतं मूल कोणाबरोबर जातं हे त्यांना पाठ आहे. यंदा सासूबाईंचे गुडघे धरले, आठ दिवस त्या गेल्या नाहीत, तर मावशींनी मुलीजवळ निरोप पाठवला, "आजी दिसल्या नाहीत, बऱ्या आहेत ना?"

तेव्हा तुम्ही गॅदरिंग किंवा ओपन हाउसच्या दिवशी जाऊ नका. साध्या वारी, शाळा सुटायच्या वेळी गेटसमोर वीस मिनिटं उभे राहा, जमलं तर दोन-तीन वेळा. मुलांना नावाने हाक कोण मारतंय? एखाद्याला न्यायला कुणी आलं नाही तर त्याच्याजवळ कोण थांबतं? मग रिक्षावाल्या काकांशी बोला. ते रोज दोन-तीन शाळांच्या दारात थांबतात, कुठल्या शाळेत मुलं हसत उतरतात हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. पालकांना विचारायचं तर तिसरी-चौथीच्या विचारा, पहिलीचे अजून कौतुकात असतात. आणि ऑफिसात एक प्रश्न जरूर विचारा. गेल्या तीन वर्षांत पहिलीला किती शिक्षिका बदलल्या? दरवर्षी बाई नव्या असतील तर मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना ओळखणार कोण? वर्गातला पटही बघा. शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण आहे. पन्नास-पंचावन्न मुलं कोंबलेल्या वर्गात चांगल्यातल्या चांगल्या बाईंचाही नाइलाज होतो.

ज्या शाळेत पाच-सहा वर्षांच्या मुलाची प्रवेशासाठी मुलाखत किंवा चाचणी घेतात, तिथून मी तरी परत फिरेन. २००९ च्या त्या कायद्याने पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि पुढे प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड सांगितलाय. दंड होवो न होवो, मूल आत घेण्याआधीच त्याला चाळणी लावणाऱ्या शाळेकडून आपलेपणाची काय अपेक्षा करायची?

सगळ्यात खरं उत्तर मला आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातून प्रवेश मिळालेल्या मुलांबद्दल विचारल्यावर मिळालं. विनाअनुदानित खासगी शाळांत, अल्पसंख्याक संस्थांच्या सोडून, प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी असतात. जवळ सरकारी शाळा असलेल्या खासगी शाळांना २०२४ मध्ये राज्य सरकारने यातून सूट दिली होती, ती उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केली. मुलगी आधीच्या शाळेत असताना अशा एका मुलाच्या आईने मला सांगितलं होतं की नाचाच्या ड्रेसचे पैसे जमले नाहीत म्हणून तिच्या मुलाला नाचातून काढलं. आताच्या शाळेत मी आधीच विचारून घेतलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आमच्याकडे सगळे ड्रेस शाळेच्या कपाटातले, कुणालाच विकत आणायला लावत नाही." फॉर्म भरायचं मी तिथेच ठरवलं.

आईबाबांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची वर्दळ मात्र खूण म्हणून धरू नका. आमच्या जुन्या ग्रुपवर दिवसाला शंभर मेसेज यायचे, वाढदिवसाला तीस रिटर्न गिफ्ट वाटली जायची, आणि ज्यांना ते झेपत नव्हतं ते हळूहळू गप्प झाले. त्यापेक्षा पालक-शिक्षक संघाचं विचारा. राज्याच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे शाळेतला प्रत्येक पालक संघाचा सदस्य असतो आणि कार्यकारी समितीवरचे पालक सोडतीने निवडायचे असतात. सोडत कधी झाली, समितीवर कोण आहे, हे ऑफिसात पटकन सांगता आलं तर बरं लक्षण.

आता अंतराचं. अंबडला राहून गंगापूर रोड-कॉलेज रोडच्या शाळांचा मोह होईल, आम्हालाही झाला होता. पण सकाळी शहर ओलांडून जायचं, आणि वाटेत कोंडी ठरलेलीच. त्यात मुलाचे मित्र म्हसरूळपासून नाशिकरोडपर्यंत विखुरलेले. संध्याकाळी खेळायला कुणी नाही, आजारी पडलं तर वही मागायला शेजारी कुणी नाही. पाथर्डी फाटा, सिडको, इंदिरानगर या पट्ट्यात खासगी शाळा भरपूर आहेत. आधी त्या बघा, घर नंतर घ्या.

शाळांची नावं मुद्दामच लिहीत नाही. मुख्याध्यापक बदलले की दोन वर्षांत शाळा बदलते, आणि माझी माहिती आमच्या मुलीच्या वर्गापुरतीच आहे. दोन-तीन नावं तुम्ही काढलीत की इथेच खाली लिहा. आमच्या कॉलनीत बहुतेक शाळांत जाणारं कुणी ना कुणी आहे, त्यांना विचारून सांगते.