मागची दाढ गेली, दिसत तर नाही. मग बसवायची कशाला?

आईंचं वय ५८, मधुमेह आहे, खालची दाढ तीन महिन्यांपूर्वी काढली, दुखणं थांबल्यावर त्या परत दवाखान्यात जायला तयार नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. बहुतेक घरांत हेच होतं. पुढचा दात पडला की लग्नकार्याच्या आत बसवून घेतात, दाढेची जागा मात्र वर्षानुवर्षं रिकामी.

आधी कोणती दाढ गेली ते बघा. अक्कलदाढ असेल तर विषय संपला. तिच्या अलीकडची असेल आणि बाकी दातांनी नीट चावता येत असेल, तर पुष्कळदा सोडून दिली तरी चालते. पण समोरच्या मधल्या दातापासून मागे मोजत सहावी, म्हणजे पहिली मोठी दाढ गेली असेल तर उशीर महाग पडतो. मागची दाढ पुढे कलते, वरची दाढ मोकळ्या जागेत खाली उतरते, फटीत घास अडकून शेजारचे दात किडतात. त्यात हाडही झिजतं: पहिल्या वर्षात त्या जागेची रुंदी जवळपास निम्मी होऊ शकते आणि त्यातली बरीचशी पहिल्या तीन महिन्यांतच. दोन वर्षांनी गेल्यावर डॉक्टर ‘आधी हाड भरावं लागेल’ म्हणतात ते याचमुळे. दरवेळी पैसे काढायला नव्हे.

दात बसवायचे मार्ग तीन: इम्प्लांट, ब्रिज आणि काढता-घालता दात. इम्प्लांटमध्ये हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवतात, तो हाडात रुजायला खालच्या जबड्यात साधारण तीन महिने लागतात, मग वर कॅप. भूल तेवढ्या जागेचीच असते. मधुमेह असला म्हणून इम्प्लांट होत नाही असं नाही, पण साखर आटोक्यात हवी. एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, ८च्या वर असेल तर आधी ते खाली आणा. हाडं ठिसूळ होण्यावरच्या गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असेल तर न विसरता सांगा, त्यात जबड्याचं हाड बरं न होण्याचा धोका असतो. मिश्री लावत असतील तर ती बंद.

ब्रिज म्हणजे शेजारच्या दोन दातांवर कॅप घालून मधे जोडलेला खोटा दात. त्यासाठी ते दोन्ही दात घासून बारीक करतात, ते परत पूर्ववत होत नाहीत. त्या दातांना आधीच रूट कॅनाल होऊन कॅप बसणार असेल तर ब्रिज शहाणपणाचा. धडधाकट असतील तर विचार करा. ब्रिज बिघडतो तो बहुधा कॅपच्या कडेला लागलेल्या किडीने, म्हणून खालून रोज बारीक ब्रश फिरवावाच लागतो.

काढता-घालता दात सगळ्यांत स्वस्त. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायचा, गरम पाण्यात तो वाकतो. एकाच दाढेचा असेल तर फार छोटा नको, गिळला जायची भीती असते.

रस्त्यावर एका बैठकीत ‘फिक्स’ बसवून देतात तो दात टाळा. कच्चं ॲक्रिलिक तोंडातच घट्ट होऊ देतात, हिरडी भाजते, खाली घाण साचून शेजारचे चांगले दातही हलायला लागतात.

आईंशी दिसण्याविषयी बोलू नका. कोणत्या बाजूने चावता, भाकरीचा पापुद्रा, शेंगदाणे, काकडी खाणं सोडलंय का, एवढंच विचारा. एकाच बाजूने चावत असतील तर त्यांच्या स्वतःच्याच लक्षात येईल. खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत कमी पैशांत होतं, फेऱ्या मात्र जास्त होतात. जाताना दाढ काढण्याआधीचा एक्स-रे, साखरेचा ताजा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी न्या. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका.