‘अजून मेलो नाही’ नावाचं जनुक

प्रश्न : माझं वय ५४. वडिलांना आणि आत्याला मधुमेह, माझी साखरही काठावर. एक जनुक मंदावलं की माशी दुप्पट जगते, आणि त्याचा आतड्याशी संबंध आहे, असं वाचलं. ते माणसात असतं का? बंद करता येईल का?

उत्तर : तुम्ही वाचलंत ते ‘इंडी’. ‘अजून मेलो नाही’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं. माश्यांवर काम करणाऱ्यांना अशी नावं ठेवायची भारी हौस! मीही त्यातलीच, निम्मी नोकरी काचेच्या नळ्यांतल्या फळमाश्या मोजण्यात गेली.

हे जनुक सायट्रेट पेशीत आणणारं प्रथिन बनवतं. माशीत ते मुख्यतः मधल्या आतड्यात आणि चरबी साठवणाऱ्या पेशींत असतं. सायट्रेट हा चरबीचा कच्चा माल. जनुकाची एक प्रत बिघडली की आवक घटते आणि माशी पोटभर खाऊनही अर्धपोटी असल्यासारखी वागते. २००० सालच्या प्रयोगात सरासरी आयुष्य ३७ दिवसांवरून ७०वर गेलं. पुढे काहींनी माशीचं वाण बदलून पाहिलं, तेव्हा हा फायदा दिसला नाही. त्यामुळे ‘दुप्पट’ हा शब्द मी जरा जपूनच वापरते.

आतड्याचं म्हणाल, तर त्याचं अस्तर सतत नवं होत असतं. म्हातारपणी या नव्या पेशी पुरवणाऱ्या मूळपेशी बेशिस्त वाढतात आणि अस्तर झिरपू लागतं. हे डोळ्यांनी दिसतं. खाण्यात निळा रंग घातला की तरुण माशीचं फक्त पोट निळं होतं. एखाद्या सकाळी मात्र नळीत एक माशी डोक्यापासून ढुंगणापर्यंत निळी दिसायची. रंग आतड्यातून फुटून अंगभर गेलेला असायचा. अशी माशी फार दिवस काढत नाही. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी नळीच बदललीये की काय, म्हणून चिठ्ठी दोनदा वाचली होती. इंडी मंदावलेल्या माश्यांत हे अस्तर जास्त काळ टिकतं.

माणसात हे जनुक आहे, पण त्याचा मुख्य मुक्काम यकृतात. ते काढून टाकलेले उंदीर चरबीयुक्त खाण्यावरही फारसे लठ्ठ झाले नाहीत, त्यांचं इन्शुलिन नीट चाललं. हा प्रयोग २०११चा. मग घाई का नको? ज्या बाळांत या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतात, त्यांना जन्मानंतर थोड्याच दिवसांत झटके येऊ लागतात, पुढे दातांचं कवचही कच्चं राहतं. मेंदूलाही हे सायट्रेट लागतं. एकच प्रत बिघडलेले त्यांचे आईवडील मात्र सहसा ठणठणीत असतात. म्हणून संशोधकांचा रोख ते सगळीकडे बंद करण्यापेक्षा यकृतापुरतं आवरण्यावर आहे.

तुमच्या घराण्यातला मधुमेह एकट्या इंडीचा नव्हे. त्यात बऱ्याच जनुकांचा थोडाथोडा हात असतो. तेव्हा जनुकचाचणीच्या आधी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करून घ्या आणि तो आकडा घेऊन डॉक्टरांकडे जा.