पाठ फिरवून झोपणारा नवरा

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सहून एका वाचक ताईंचं पत्र आहे. लग्नाला नऊ वर्षं झाली, गेल्या नोव्हेंबरपासून नवरा जवळ येत नाही. डिप्रेशनसाठी जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, सरट्रालिनच्या गोळ्या सुरू केल्यात, त्याने कामावर जाणं जमतंय, पण रात्री पाठ फिरवून झोपतो. मुलगी दोघांच्या मध्ये, हॉलमध्ये सोफा-बेडवर सासूबाई, सहा महिन्यांच्या व्हिसावर. "यांच्या मनातून मी उतरले का? की दुसरी कोणी आहे?"

ताई, दुसरी कोणी आहे का ते मला इथे बसून कळणार नाही. पण मी अडखळले ती सरट्रालिनपाशी. डिप्रेशनमध्ये जेवणाखाण्यासारखी शरीरसुखाची इच्छाही मरते. त्यात या जातीच्या गोळ्यांनी इच्छा आणखी कमी होते, शेवटपर्यंत पोचायला वेळ लागतो किंवा पोचताच येत नाही. हा अगदी नेहमी दिसणारा दुष्परिणाम आहे. दहा मिनिटांच्या अपॉइंटमेंटमध्ये ते सांगणार कोण? मग जमणार नाही या धास्तीने माणूस कूस बदलतो आणि बायको त्याचा अर्थ 'नको झाले मी' असा लावते.

गोळ्या मात्र परस्पर बंद करू देऊ नका. एकदम सोडल्या तर चक्कर, चिडचिड, झोपेचं खोबरं होतं. जीपीला स्पष्ट सांगायचं. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं.

आता तुमच्याबद्दल. शेवटी घाईघाईत लिहिलंय तुम्ही, "मी नऊलाच आडवी होते, पण दोनपर्यंत टक्क जागी." ही ओळ मला नवऱ्याच्या गोळ्यांइतकीच महत्त्वाची वाटते. नात्यात बिनसलं की डिप्रेशनचा धोका वाढतो आणि डिप्रेशनने नातं आणखी बिनसतं, हे चक्र दोन्हीकडून फिरतं. आठवड्यातून किती वेळा, हा हिशेब सोडा. आपण याला हवेसे आहोत असं दोघांनाही वाटतंय का, तेवढं बघा. नाशकात असतात तर बहिणीकडे जाऊन रडला असतात. इथे डिसेंबरात चारच्या आत अंधार, आणि मंडळाच्या गणपतीत सगळे "मजेत!" म्हणणारे. सगळा भार एकाच माणसावर पडतो, आणि तो माणूसच आजारी.

इंग्लंडमध्ये एनएचएस टॉकिंग थेरपीजकडे (सरकारी आरोग्यसेवेतली, बोलून उपचार करणारी सेवा) जीपीच्या चिठ्ठीशिवाय स्वतः नाव नोंदवता येतं, दुभाषा मागता येतो. डिप्रेशनचा नात्याशी संबंध असेल तर जोडप्याने मिळून घ्यायची थेरपी, कोणते उपचार द्यावेत हे सांगणाऱ्या इथल्या नाइस संस्थेच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही आहे. सगळ्या भागांत ती मिळत नाही, म्हणून विचारून घ्या. नवरा नाही म्हणाला तर झोपेसाठी तुम्ही एकट्या जा. तो मरणाच्या गोष्टी बोलू लागला तर मात्र थांबू नका: मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी १११ला फोन लावून २ दाबा, जिवाला लगेच धोका असेल तर ९९९.

बोलणं अंथरुणात नको. रविवारी तळ्याकाठी दोघंच चालायला जा. शेजारी चालताना डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, पुरुषांना ते सोपं जातं. "तू का येत नाहीस" असं विचारू नका. "गोळ्यांनी असं होतं म्हणे, तुला होतंय का?" एवढंच विचारा.

आणि मुलीला आजीजवळ झोपवा. सासूबाईंनी कारण विचारलंच तर "तिला तुमच्या गोष्टी हव्यात" म्हणा. ते काही खोटं नाही.